लहान मुलांना घेऊन पुण्यात कुठे जायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे कोणत्या वयाच्या मुलांसाठी आहे?

साधारण दीड वर्षापासून पहिली-दुसरीपर्यंतच्या. त्याहून मोठी मुलं कुठे जायचं ते स्वतःच सांगतात, आणि बहुतेक वेळा त्यांना मित्राच्या घरी जायचं असतं.

मुलांचे कार्यक्रम आधी कळतात कुठून? आम्हाला नेहमी होऊन गेल्यावरच कळतं.

कारण आपण ते फोनवर शोधतो. फोनवर दिसतात ते जाहिरातीला पैसे असणारे कार्यक्रम, म्हणजे मॉलमधले आणि मोठ्या क्लासवाल्यांचे. वाचनालयाची गोष्टींची सकाळ, एखाद्या वाड्यात भरणारं मातीकाम, टेकडीवरचं पक्षीनिरीक्षण हे फळ्यावर आणि तोंडी चालतं. तेव्हा फळे वाचायची सवय लावा. बालगंधर्व रंगमंदिर, भरत नाट्य मंदिर, यशवंतराव चव्हाण नाट्यगृह यांच्या बाहेर येत्या आठवड्याचे प्रयोग लिहिलेले असतात. भाजी आणायला निघालात तर गाडी हळू करून वाचता येतात. वर्तमानपत्राच्या शहर पानावर ‘आजचे कार्यक्रम’ अशी एक बारीक अक्षरातली चौकट असते. व्याख्यानं आणि सत्कारांच्या गर्दीत मुलांचा एखादा कार्यक्रम हमखास सापडतो, आणि तो बऱ्याचदा विनामूल्य असतो.

दुसरा भरवशाचा मार्ग म्हणजे बालवाडीच्या ताई. कोणतं शिबिर नीट चालतं आणि कुठे मुलांना नुसतं बसवून ठेवतात, हे त्यांना इतरांपेक्षा आधी कळलेलं असतं. सोसायटीच्या ग्रुपवरही बरंच येतं, पण तिथले फॉरवर्ड जपून घ्या. ‘येत्या रविवारी’ एवढंच लिहिलेला मेसेज दोन वर्षांपूर्वीचाही असू शकतो. खाली दिलेल्या नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय मुलाला सांगू नका. एकदा सांगितलं की त्याच्या दृष्टीने तो कार्यक्रम ठरला.

डिसेंबरात फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरायला लागला आहे, २०२३ पासून. तिथे मुलांसाठी वेगळा विभाग असतो. मुलांची पुस्तकं काढणारी आणि मुलांबरोबर काम करणारी माणसं तिथे एका ठिकाणी भेटतात. त्यांच्याशी दोन मिनिटं बोलून फोन नंबर घेतला, तर पुढच्या वर्षभराचे कार्यक्रम आपोआप कळत राहतात.

एकच ठिकाण सांगा. पहिल्यांदाच बाहेर काढतोय.

पेशवे पार्क. तिथली फुलराणी ही छोटी आगगाडी १९५६ पासून धावते आहे. तुम्ही पुण्यात वाढला असाल तर तुम्हीही तिच्यात बसला असाल, कदाचित तुमचे वडीलसुद्धा. फेरी छोटी असते, ‘परत एकदा’ म्हणेपर्यंत संपते, आणि म्हणूनच लहान मुलांना ती पुरते. पूर्वी तिथे असलेले प्राणी १९९९ मध्ये कात्रजला गेले. त्यामुळे जुन्या आठवणीवर विसंबून ‘चल, वाघ दाखवतो’ असं आजोबांना म्हणू देऊ नका.

तिथून सारसबाग चालत गाठता येते. तळ्यातल्या गणपतीला थंडीत स्वेटर आणि लोकरीची टोपी घालतात. डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल तर हे मुलाला आधी सांगू नका, त्याचं त्याला दिसू दे. चार वर्षांच्या मुलाला देवळात नेऊन ‘नमस्कार कर’ म्हणण्यापेक्षा ‘बाप्पाला थंडी वाजते का गं?’ हा त्याचा प्रश्न ऐकणं जास्त मजेचं असतं. हिरवळीवर धावायला जागा भरपूर आहे. रविवारी संध्याकाळी मात्र निम्मं पुणे तिथे असतं, तेव्हा शक्य असेल तर आठवड्यातला एखादा मधला दिवस काढा.

बागेत दुपारी गेलो तर कुलूप! असं का?

महापालिकेच्या बहुतेक बागा सकाळी काही तास आणि मग थेट संध्याकाळी उघड्या असतात. मधल्या वेळेत सफाई आणि पाणी देणं चालतं. दुपारी एक ते चार पुण्यात काय उघडं असतं, या विषयावर विनोद पुरेसे झाले आहेत. फाटकावरची पाटी बघून ठेवा. प्रत्येक बागेची वेळ थोडी वेगळी असते आणि ऋतूप्रमाणे बदलते.

कात्रजचं प्राणीसंग्रहालय दोन-तीन वर्षांच्या मुलाला झेपतं का?

झेपतं, पण सगळं बघायचा हट्ट मोठ्यांनी सोडला तर. राजीव गांधी प्राणीसंग्रहालयाचा परिसर तळं धरून १३० एकरांचा आहे. तिकीट काढलंय म्हणून शेवटच्या पिंजऱ्यापर्यंत फरफटत नेलं की परतीच्या वाटेवर मूल खांद्यावर असतं, पिशवी हातात असते आणि नवरा-बायकोत अबोला असतो. आत बॅटरीवर चालणारी गाडी आहे. तिची रांग आधी बघा, मग पुढचं ठरवा.

बुधवारी ते बंद असतं. दर आठवड्याला कुणीतरी बुधवारी तिथे जाऊन परत येतं.

सकाळी फाटक उघडतं तेव्हा पोचा. उन्हं चढली की वाघ, बिबट्या, अस्वल सावलीला जाऊन पडतात आणि मुलांना झाडीतली एक शेपटी तेवढी दिसते. हत्ती आणि माकडं कधीच निराश करत नाहीत. इथल्या सर्पोद्यानाची सुरुवात १९८६ मध्ये नीलिमकुमार खैरे यांनी केली, प्राणीसंग्रहालय नंतर आलं. सापांच्या काचेपाशी लहान मुलं अपेक्षेपेक्षा जास्त रेंगाळतात. आपल्याला किळस येत असेल तर ती चेहऱ्यावर दिसू देऊ नका. सापाला ‘ई’ म्हणायचं मुलं मोठ्यांकडूनच शिकतात.

संग्रहालय म्हणजे काचेमागच्या वस्तू. मूल दहा मिनिटांत कंटाळणार, नाही का?

सगळं दाखवायला गेलात तर कंटाळेल. बाजीराव रस्त्याजवळच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाऊन बघा. दिनकर केळकर ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता करायचे. लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने त्यांनी हे उभं केलं. तलवारी आणि मूर्ती आहेतच, पण मोठा भाग घरातल्या वस्तूंचा आहे: दिवे, अडकित्ते, कुलपं, दौती, फण्या, वाद्यं, किसण्या. चार वर्षांच्या मुलाला शिल्पकलेत रस नसतो, पण घरात वापरायच्या वस्तूंत असतो.

तिथे जायची माझी रीत अशी: आत जाताना एकच काम द्यायचं. ‘आज आपण फक्त प्राणी शोधायचे.’ मग अडकित्त्याला घोड्याचं तोंड सापडतं, दिव्यावर मोर बसलेला असतो, कुठे हत्ती, कुठे पोपट. पाय घासायची वज्री हा प्रकार आमच्या धाकटीने तिथेच पाहिला. पितळेची छोटी वस्तू, खालून खरखरीत, वर धरायला पक्षी. तिच्या आजीने तिथल्या तिथे चप्पल काढून टाच कशी घासायची ते हवेत करून दाखवलं, आणि बाजूची दोन अनोळखी मुलंही बघत उभी राहिली. पुढच्या वेळी कुलपं, त्याच्या पुढच्या वेळी वाद्यं. असं केलं की एकच संग्रहालय दोन वर्षं पुरतं.

जिने बरेच आहेत, बाबागाडी घरी ठेवा.

शनिवारवाडा?

अर्धा तास. दिल्ली दरवाजावरचे खिळे, तटावरची चाल, आणि आतली हिरवळ. वाडा १८२८ च्या आगीत गेला, उरलेले चौथरे लहान मुलांना उड्या मारायच्या पायऱ्या वाटतात. ‘काका मला वाचवा’ची गोष्ट झोपायच्या वेळी सांगू नका.

आमच्याकडे गाड्यांचं वेड आहे. सकाळी उठल्यापासून झुकझुक.

मग तुमचं काम सोपं आहे. कोथरूडमध्ये जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ मध्ये सुरू झालेलं. एका खोलीत अख्खं शहर मांडलेलं आहे. रूळ, सिग्नल, बोगदे, वळणावळणाने धावणाऱ्या गाड्या, आणि मध्येच दिवे मालवून केलेली रात्र. ठरावीक वेळाने खेळ लावतात, म्हणून फोन करून जा. मुलांना हात लावता येत नाही. दोन वर्षांच्या मुलाला हे कळत नाही आणि तिथे रडारड होऊ शकते. साडेतीन-चार वर्षांपासून पुढे न्यावं असं माझं मत.

खरी गाडी हवी असेल तर मेट्रो. सहल म्हणून मेट्रोइतकं स्वस्त आणि बिनघोर दुसरं काही नाही: ऊन नाही, पाऊस नाही, सरकते जिने आहेत, आणि खिडकीतून नदी दिसते. डेक्कन आणि संभाजी उद्यानाच्या स्टेशनांची छपरं पगडीच्या आकाराची आहेत, ती खालच्या रस्त्यावरून आधी दाखवा आणि मग आत न्या. सिव्हिल कोर्ट (जिल्हा न्यायालय) स्टेशनला उतरून भूमिगत मार्गावरची गाडी धरा. ते जमिनीखाली सुमारे ३३ मीटर आहे. सरकत्या जिन्यांवरून खाली, अजून खाली, अजून खाली जाणं हाच मुलांच्या लेखी मुख्य कार्यक्रम असतो. तिथून मंडई स्टेशन, आणि वर आलात की खरोखरची मंडई समोर.

पुणे-लोणावळा लोकलही विसरू नका. पाच वर्षांखालच्या मुलाचं तिकीट लागत नाही. मळवलीपर्यंत जायचं, स्टेशनच्या बाकावर डबा खायचा आणि परतीची लोकल धरायची. आधी वेळापत्रक बघून ठेवा, कारण मधल्या वेळात गाड्या कमी असतात.

विमानवाल्यांसाठी घोरपडी भागातलं दक्षिण कमांडचं युद्धस्मारक. तिथे मिग २३ जातीचं लढाऊ विमान ठेवलेलं आहे, अगदी जवळून बघता येतं. जागा स्मारकाची आहे, तेव्हा आवाज बेताचा. हे मुलाला आत शिरायच्या आधीच सांगून ठेवा, आत गेल्यावर दटावून उपयोग होत नाही.

पैसे न खर्चता काय करता येईल?

पुण्यात लहान मुलांना न्यायच्या सगळ्यात चांगल्या जागा फुकटच्याच आहेत, असं मी ठामपणे म्हणेन. तिकिटाच्या ठिकाणी आपण पैसे वसूल करायला बघतो आणि मूल दमतं. फुकटच्या ठिकाणाहून केव्हाही उठून येता येतं.

कसबा पेठेतल्या तांबट आळीत जा. तांब्याच्या भांड्यावर हातोडीने ठोके मारून चकचकीत गोल खुणा उमटवतात, त्याला मठारकाम म्हणतात. आवाज गल्लीच्या तोंडापासून ऐकू येतो. एकाच लयीत, एक ठोका दुसऱ्याच्या अगदी शेजारी. भांडं फिरत जातं आणि खुणांची रांग पुढे सरकते. माझी मुलं एरवी पाच मिनिटं एका जागी टिकत नाहीत, तिथे टिकतात. कारागीर कामात असतात, त्यांचा वेळ मोडू नका, वाटेत उभं राहू नका, न विचारता फोटो काढू नका. एखादा छोटा गडू घेतलात तर उत्तम. शेजारीच कुंभारवाडा आहे. दिवाळीच्या आधी तिथे मावळे आणि पणत्या रचलेल्या असतात.

महात्मा फुले मंडई. अष्टकोनी मनोऱ्याची इमारत मुलाला वर मान करून बघू दे, मग आत. दहा रुपये त्याच्या हातात द्या आणि लिंबं त्यालाच घेऊ द्या. सकाळी लवकर गेलात तर गाळेवाल्या मावशींनाही बोलायला वेळ असतो, एखादं बोर नाही तर मटारची शेंग हातावर पडते. पलीकडे तुळशीबागेत भातुकलीची भांडी मिळतात, पितळी आणि स्टीलची. तिथे गर्दीत मुलाला हाताला धरूनच चालवा, आणि शक्यतो सणाच्या आधीच्या आठवड्यात जाऊच नका.

आणि अर्थात टेकड्या.

टेकडीवर किती वयापासून नेता येतं?

चालायला लागल्यापासून, टेकडी बघून. तळजाईला सपाट रुंद वाट आहे, झाडी आहे, नुकतं चालणारं मूलही तिथे रमतं. पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. पायऱ्या मोजायला शिकत असलेल्या मुलाला याहून चांगली जागा नाही, तीसनंतर आकडे चुकले तरी चालतं. वर नानासाहेब पेशव्यांनी बांधलेलं देऊळ आहे आणि सगळं शहर दिसतं. ‘आपलं घर कुठे?’ हा खेळ तिथेच खेळायचा.

फर्ग्युसनमागची हनुमान टेकडी आणि वेताळ टेकडी चार-पाच वर्षांपासून पुढे. वेताळ टेकडीवर सकाळी मोरांचा आवाज नक्की येतो, मोर दिसणं नशिबावर. पावसाळ्यात दगडाखाली खेकडे, गोगलगाई, लाल मखमली किडे सापडतात. बघायचे आणि दगड होता तसा ठेवायचा. पायात मागे पट्टा असलेले सँडल किंवा बूट घाला, साध्या चपलेने मुरमावर हमखास घसरतं. एकटं-दुकटं आणि अंधार पडल्यावर टेकडीवर थांबू नका.

थंडीत कवडीपाटला जा, सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरच्या अलीकडे. मुळा-मुठेच्या जुन्या बंधाऱ्यापाशी चक्रवाक येतात, लांब लाल पायांचे शेकाटे असतात, बगळे तर रांगेने. नदीला वास येतो, प्लास्टिकही अडकलेलं असतं. ते लपवता येत नाही आणि लपवूही नये. आमच्याकडे त्यावरून घरी बऱ्याच चर्चा झाल्या आहेत. दुर्बीण नसली तरी चालतं, पक्षी पुष्कळ जवळ असतात. उन्हं वर यायच्या आत मात्र पोचा.

पावसाळ्यात घरात कोंडून वेड लागायची पाळी येते.

पुण्याचा पाऊस बहुतेक दिवस भुरभुर असतो. रेनकोट आणि गमबूट घालून सोसायटीच्या आवारात डबक्यात सोडा. कपडे धुता येतात. जोराचा असेल तर वर सांगितलेली संग्रहालयं, मेट्रो, आणि वाचनालय. लक्ष्मी रस्त्यावरचं पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं आहे. आपल्या भागात वर्गणीचं वाचनालय असेल तर मुलाच्या नावाने खातं काढा आणि पुस्तक बदलायला त्यालाच काउंटरवर उभं करा.

मॉलमधल्या खेळघरांना मी नाकं मुरडत नाही. सलग चौथ्या दिवशी पाऊस असेल तर तासाचे पैसे भरून चेंडूंच्या हौदात सोडलेलं मूल रात्री साडेआठला झोपतं. पायमोजे घरून न्या, तिथे विकत घ्यायला लावतात.

घरातच काही करायचं असेल तर अरविंद गुप्तांची टाकाऊतून खेळणी बघा. काड्यापेटी, रिकामं रीफिल, सायकलच्या ट्यूबचा वाल्व यांतून विज्ञानाची खेळणी. त्यांचे मराठीतले व्हिडिओ फुकट बघायला मिळतात. पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलविज्ञानाच्या संशोधन संस्थेत, पु. ल. देशपांडे यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षं हे काम केलं. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला आयुका सगळ्यांसाठी खुली असते, पण गर्दी फार होते. सात वर्षांच्या आतल्यांना तिथे मजा कमी आणि रांगा जास्त.

धबधबे आणि धरणं? पावसाळ्यात लहान मुलांबरोबर नको. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या ओढ्यात पुण्याच्या एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यांत मुलं होती. वर डोंगरात पडलेला पाऊस खाली उभ्या माणसाला दिसत नाही आणि पाणी काही मिनिटांत चढतं. खडकवासल्याला रस्त्याच्या कडेने कणीस खाऊन या, पाण्यात उतरू नका.

बालनाट्याला किती वर्षांचं मूल बसतं?

चार. काही तीन वर्षांची बसतात, पण अंधार झाला की रडतात. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत बालनाट्यांचे सर्वाधिक प्रयोग लागतात. सगळी सारखी नसतात. काहींत कार्टूनचे मुखवटे घालून मोठ्या आवाजात गाणी लावतात आणि मध्यंतरात फुगे विकतात, ती मी टाळते. जरा मोठ्या, म्हणजे सहा-सातच्या मुलांना ग्रिप्सची नाटकं दाखवा. बर्लिनमधला हा प्रकार डॉ. मोहन आगाशे यांनी १९८० च्या दशकात पुण्यात आणला. त्यात राक्षस-पऱ्या नसतात, मुलांच्या खऱ्याखुऱ्या अडचणी असतात, आणि मुलांची कामं मोठी माणसं करतात. पाच मिनिटांत प्रेक्षागृहातली मुलं ते विसरतात.

जागा मधल्या रांगांतली, कडेची घ्या. पुढे आवाज फार लागतो, आणि कडेला असलं की ‘शू’ म्हटल्यावर दहा जणांचे गुडघे ओलांडावे लागत नाहीत.

उन्हाळी शिबिराला घालायचं का? शेजारची तीन शिबिरांना जाते.

पाच वर्षांच्या आत गरज नाही. आई-बाबा दोघंही कामावर असतील तर गोष्ट वेगळी. तेव्हा ते शिबिर नसून सांभाळण्याची सोय असते, आणि त्याच नजरेने निवडा.

पैसे भरण्याआधी एकदा शिबिर चालू असताना जाऊन उभं राहा. पत्रकावर ‘रोबोटिक्स ते श्लोकपठण’ काहीही छापता येतं. बघायचं ते असं: एका ताईकडे किती मुलं आहेत? स्वच्छतागृह कुठे आहे आणि मुलाला तिथे कोण नेतं? उन्हाच्या वेळी मैदानावर असतात की आत? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, दहा वाजता सगळ्या मुलांच्या हातात एकसारखाच कागदी पंखा आहे का? असेल तर तो ताईने केलेला आहे. मुलांनी केलेली वस्तू वाकडी असते. मी एका ठिकाणी तर पालकांना दाखवायच्या वस्तूंचा तयार ढीग आदल्या दिवशीच रचलेला पाहिला आहे.

सहा-सातपासून खेळाचं शिबिर असेल तर नक्की घाला. टिळक रस्त्यावरचं महाराष्ट्रीय मंडळ १९२४ पासून व्यायाम शिकवतं आहे. मल्लखांब एकदा जवळून बघायला न्या, शिकायचा की नाही ते मूल ठरवेल.

सणावारांत मुलांना काय दाखवावं?

दाखवण्यापेक्षा करू द्यावं. दिवाळीचा किल्ला सगळ्यांत वर. दगड, विटा, पोती, वर मातीचा चिखल, उतारावर आळीव नाही तर मोहरी पेरायची आणि रोज हाताने पाणी शिंपडायचं. पाचव्या दिवशी हिरवं झालं की पोरं शाळेतून धावत येतात. फ्लॅटमध्ये जागा नसेल तर जिन्याखाली किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात, वॉचमनकाकांना विश्वासात घेऊन. तयार प्लास्टरचा किल्ला विकत आणू नका, त्यात चिखल नसतो. नंतर दुसऱ्या सोसायट्यांचे किल्ले बघत एक संध्याकाळ फिरा.

गणपतीच्या आधी शाडूच्या मूर्ती करायच्या कार्यशाळा ठिकठिकाणी असतात. मूर्ती पूजेला बसेल ही अपेक्षा नको, उंदीर झाला तरी पुष्कळ. देखावे बघायचे असतील तर पहिल्या तीन-चार दिवसांत, दुपारी. शेवटच्या दोन रात्री कडेवरच्या मुलाला फक्त लोकांच्या पाठी दिसतात आणि ढोलांनी कानठळ्या बसतात. नवरात्रात कुठे भोंडला असेल तर फेरात मुलगेही घ्या. खिरापत ओळखायला त्यांनाही आवडतं.

आषाढीच्या वेळी दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात, भवानी आणि नाना पेठेत. दर्शनाच्या रांगेत लहान मुलांचे हाल होतात. त्याऐवजी पालखी पुढे निघते त्या दिवशी पहाटे वाटेवर एका कडेला उभं राहा, आणि मुलाच्या हातून वारकऱ्यांना केळी किंवा राजगिऱ्याचे लाडू द्या. एखादी आजी त्याच्या डोक्यावर हात ठेवून ‘माउली’ म्हणते, आणि घरी आल्यावर चार दिवस ते सगळ्यांना माउली म्हणत फिरतं.

आजी-आजोबाही बरोबर आहेत. गुडघे दुखतात.

सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान, म्हणजे जपानच्या ओकायामातल्या बागेच्या धर्तीवर केलेली बाग. सपाट वाटा, पूल, पाण्यात मोठाले रंगीत मासे. चेंडू खेळायची जागा नव्हे, मुलाला आधी इतरत्र धावून घेऊ द्या. दुसरी एम्प्रेस गार्डन, रेसकोर्सजवळ. जुनी प्रचंड झाडं, जाडजूड वेल, घनदाट सावली. जानेवारीत तिथे पुष्पप्रदर्शन भरतं, पण निवांतपणा हवा असेल तर ते दिवस टाळा.

शी-शूचं काय?

निघताना घरी, पोचल्यावर लगेच, आणि परत निघायच्या आधी. टेकड्यांवर सोय नाही. बागांमधली स्वच्छतागृहं बरी-वाईट कशीही असू शकतात. कपड्यांचा एक पूर्ण जोड, जुना टॉवेल, पाण्याची जादा बाटली. बाबांच्या बरोबर गेलेल्या मुलींची अडचण खरी आहे. मेट्रो स्टेशनवरची स्वच्छतागृहं त्यातल्या त्यात बरी, हे आणखी एक मेट्रोचं बलस्थान.

खायला?

डबा. पोळीचा लाडू, दशमी, केळं, उकडलेला बटाटा. बाहेरचं एकच काहीतरी घ्यायचं, आणि ते परत निघताना. सुरुवातीलाच आइस्क्रीम दिलं तर पुढचा सगळा वेळ दुसऱ्या आइस्क्रीमची बोलणी चालतात.

नातवंडं परदेशातून महिन्याभरासाठी येणार आहेत. त्यांना काय आवडेल?

बहुतेक जण त्यांना मॉलमध्ये नेतात, जे त्यांच्याकडे याहून मोठं आहे. रिक्षा, मंडई, तांबट आळी, भातुकली आणि शेजारची पोरं द्या. मराठी कच्चं असेल तरी चार दिवसांत लपाछपीपुरतं येतं. पहिले दोन-तीन दिवस लांब जाऊ नका, ती पहाटे तीनला उठलेली असतात. पाणी उकळलेलं, डासांचं मलम रोज. आणि त्यांनी कुत्र्याच्या पिल्लाला हात लावण्याआधी त्याची आई कुठे आहे ते बघा.

गर्दीत मूल हरवलं तर?

जायच्या आधीच, अगदी मंडईलासुद्धा, हाताच्या आतल्या बाजूला पेनने फोन नंबर लिहा. निघताना मुलाचा एक फोटो काढून ठेवा, म्हणजे त्या दिवशीचे कपडे सांगता येतात. तीन वर्षांच्या मुलालाही शिकवता येतं: मी दिसले नाही तर आहेस तिथेच थांब, आणि बरोबर मूल असलेल्या मावशीला सांग. ते दिसेनासं झालं तर एकाने तिथेच थांबायचं, दुसऱ्याने शोधायचं, आणि वाट न बघता ११२ ला फोन करायचा. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे.

आम्ही पिंपरी-चिंचवडला राहतो. सगळं पुण्यातलंच सांगताय.

मान्य. तुमच्याकडे चिंचवडचं सायन्स पार्क आहे. तिथे बटणं दाबून, चाकं फिरवून बघायच्या वस्तू आहेत, पुण्यातल्या मुलांनीच तिकडे यावं असं ते आहे. आत आणि बाहेर दोन्हीकडे खेळायला आहे, पाच वर्षांपासून पुढे चांगलं. निगडीला अप्पू घर आणि त्याला लागूनच दुर्गा टेकडी. टेकडीवर सकाळी, अप्पू घर संध्याकाळी, दोन्ही एका दिवशी करू नका. आणि मेट्रोने पिंपरीहून मंडईपर्यंत थेट येता येतं. मुलाला खिडकीपाशी जागा मिळाली, तर मंडईत उतरलंच पाहिजे असं काही नाही.